मयताचं तिकीट

माझ्या साडूंइतका विमान कंपन्यांवर चिडलेला आणि तरीही दिवसभर त्यांच्याच दारात बसलेला माणूस सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत दुसरा सापडणार नाही. त्यांचं भांडण विमानाशी नव्हतं. एवढं लोखंड हवेत कसं राहतं, ढगात शिरल्यावर पायलटला काय दिसतं, असले प्रश्न त्यांना कधी पडले नाहीत. त्यांचा राग एकाच गोष्टीवर होता. एकाच विमानात, एकाच रांगेत, खांद्याला खांदा लावून बसलेल्या तीन माणसांनी तीन वेगवेगळे भाव मोजलेले असतात आणि त्याचं कुणालाच काही वाटत नाही. हे सांगताना त्यांचा आवाज चढायचा, मानेची शीर फुगायची, आणि समोरचा माणूस लग्नाची पत्रिका द्यायला आलेला असला तरी पुरतं ऐकून घेतल्याशिवाय त्याला उठता येत नसे.

हा राग कुठून आला ते कळायला त्यांची नोकरी माहीत हवी. उभी हयात त्यांनी विट्याच्या एस.टी. स्टँडवर आरक्षणाच्या खिडकीमागे काढली. त्या खिडकीला हात जाईल एवढंच भोक होतं आणि त्या भोकातून त्यांना जग दिसायचं. त्या जगात मुंबईचं भाडं म्हणजे मुंबईचं भाडं. कितीही आधी काढा, नाहीतर गाडी हलताना धावत येऊन काढा. ऊसतोडीला निघालेला असो की पोरीच्या लग्नाची बोलणी करायला निघालेला असो, खिडकीची जागा मिळो की मागच्या चाकावरची हाडं खिळखिळी करणारी, पैसे तेवढेच. गाडीत फार फार तर दोन जाती असायच्या, पूर्ण आणि अर्धं. अर्ध्या तिकिटासाठी वय चोरून सांगणाऱ्या पोरांना ते भोकातून नुसता हात दाखवायला सांगत आणि मनगट बघून वय ठरवत. त्यात चूक झाली तरी त्यावर अपील नसे.

विट्याच्या आसपासच्या गावांतली कितीतरी घरं गलाईवाल्यांची आहेत. सोनं-चांदी गाळून शुद्ध करायचा हा धंदा करायला इथली माणसं पार केरळपासून आसामपर्यंत पांगलेली आहेत. साडूंची एकुलती एक मुलगी, शुभांगी, अशाच घरात पडली आणि नवऱ्याच्या दुकानामागं थेट आसामात सिलचरला गेली. तिला पहिलं मूल झालं तेव्हा साडू आणि आक्का, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, जन्मात पहिल्यांदा विमानात बसले. पुण्याहून कोलकात्याला निघालेल्या त्या विमानात, अजून दार बंद व्हायचं होतं, तेव्हा साडूंनी शेजारच्या तरुणाला सहज विचारलं, तुमी केवढ्याला काढलं? एस.टी.त हा प्रश्न कुणी विचारत नाही, कारण उत्तर सगळ्यांना माहीत असतं. त्या तरुणानं सांगितलेला भाव यांच्या निम्म्यानं होता. साडू उठले. पुढच्या रांगेत विचारलं, मागच्या रांगेत विचारलं, समोरून पिशव्या वर टाकत येणाऱ्यांना वाटेत अडवून विचारलं. हवाई सुंदरीनं येऊन त्यांना जागेवर बसवलं आणि पट्टा आवळला तोवर अर्ध्या विमानाचे भाव त्यांनी गोळा केले होते आणि त्यातले कुठलेही दोन एकमेकांशी जुळत नव्हते. आक्का सांगायच्या की नातवाचं तोंड बघून झाल्यावर पहिल्या रात्री त्यांनी जावयाला बाळाचं नाव काय ठेवणार हे विचारलं नाही. विचारलं ते हे की, हा कुठला कायदा?

परत आले ते हा कायदा शिकायचा असं ठरवूनच. निवृत्ती झालेली होती, मोबाईल होता, वेळ होता. काही दिवसांतच ते सगळ्या पंचक्रोशीचे तिकीटवाले झाले, आणि तेही फुकटात. त्यांच्या सोप्यात कायम कुणी ना कुणी बसलेलं असायचं. साडू आधी चहा द्यायचे, मग शिकवणी द्यायचे, आणि शिकवणी पुरी झाल्याशिवाय तिकीट द्यायचे नाहीत. शिकवणी अशी. विमानातल्या जागा दिसायला सारख्या असल्या तरी विकायला काढताना त्यांचे गट पाडलेले असतात. पहिला गट स्वस्त. तो संपला की दुसरा, मग तिसरा, अशा वर चढत जाणाऱ्या पायऱ्या. गर्दी होणार असं दिसलं की यंत्र खालच्या पायऱ्या आधीच झाकून टाकतं. जागा पडून राहणार असं वाटलं की त्याच पायऱ्या परत उघडतं. दिवाळीच्या आदल्या दिवशी भाव गगनात, पण खुद्द पाडव्याच्या सकाळी, जेव्हा सगळे घरी पोचलेले असतात, तेव्हा विमान ओस. आठवड्याच्या मधल्या दिवसाला कुणी वाली नसतो. पुण्याला परवडत नसेल तर कोल्हापूर बघा, कोल्हापूर नसेल तर बेळगाव, बेळगाव नसेल तर हुबळी. आणि एवढं सगळं सांगून झाल्यावर ते बाजाराचं उदाहरण द्यायचे. आठवडी बाजार उठायला लागला की मेथीची जुडी मातीमोल होते. विमानात उलटं. बाजार उठताना मेथीचं सोनं होतं.

या विद्येत शास्त्र किती आणि श्रद्धा किती, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. एका मोबाईलवर भाव बघायचा आणि दुसऱ्यावर तिकीट काढायचं, हा त्यांचा नेम होता. आपण गरजू आहोत हे त्या यंत्राला कळता कामा नये, अशी त्यांची खात्री होती. त्यामुळं कुणाला कोईमतूरला जायचं असलं तरी ते आधी उगाच जयपूरचा भाव बघायचे, मग अमृतसरचा, मग एखाद्या अशा गावाचा जिथं विमानतळच नाही. ‘त्याला वाटलं पायजे, पावणं, की ह्यो नुसता फिरस्ता हाय,’ ते मला सांगायचे. ‘ह्याला कुठंबी जायाचं न्हाई. मंग तो जरा खाली उतरतोय.’ आक्का त्या मोबाईलला माझी सवत म्हणायच्या. सवतीला सकाळी उठल्याबरोबर तोंड दाखवावं लागतं, माझं तोंड दुपारपर्यंत बघितलं नाही तरी चालतं, असं त्या माझ्या बायकोला फोनवर ऐकवायच्या, आणि साडू शेजारीच बसलेले असत.

एकदम सहा तिकिटं मागितली आणि खालच्या पायरीवर चारच उरली असली, तर यंत्र सहाही तिकिटं वरच्या पायरीनं लावतं, हा त्यांचा आणखी एक शोध. तो खरा आहे असं जाणकारही सांगतात. म्हणून ते मोठ्या घराची तिकिटं कधी एकत्र काढत नसत. खानापूरकडच्या एका लग्नानंतर मुलाकडची मंडळी नव्या नवरीला घेऊन मदुराईच्या दुकानी परत निघाली होती. साडूंनी त्यांची तिकिटं दोन-दोन करून फोडली आणि त्या फोडाफोडीत नवरा बंगळूरमार्गे गेला, नवरी हैदराबादमार्गे गेली, आणि नवरीच्या शेजारी नवऱ्याचे चुलत आजोबा आले. दोघांची गाठ मदुराईत पडली ती दुसऱ्या दिवशी. त्या आजोबांनी वाटेत सगळ्या भावकीचा इतिहास सांगितल्यामुळं नवरीला सासर लवकर कळलं, असं साडूंचं म्हणणं होतं.

हातातल्या पिशवीचं वजन हे दुसरं प्रकरण. सोप्याच्या तुळईला त्यांनी पोतं मोजायचा ताणकाटा टांगून ठेवला होता. कांदा-लसूण मसाला, शेंगदाण्याची चटणी, धपाटी, जे काही न्यायचं ते आधी त्या काट्याला लटकायचं. काटा पुढं गेला की साडू पिशवीतले कपडे काढून माणसाच्या अंगावर चढवायचे. पिशवी मोजतात, माणूस मोजत नाहीत, हा त्यांना त्या कायद्यातला एकमेव माणुसकीचा भाग वाटायचा. या माणुसकीपायी एक धिप्पाड गृहस्थ भर मे महिन्यात दोन स्वेटर आणि लग्नातला कोट घालून पुण्याच्या विमानतळावर गेले आणि रांगेत घेरी येऊन बसले. साडूंनी त्यांना फोनवर पहिला प्रश्न विचारला तो असा की, पिशवी पास झाली ना?

आम्ही हसायचो. कराडहून विट्याला जाताना वाटेत मी आणि बायको या गोष्टी एकमेकांना नव्यानं सांगायचो. पण त्या सोप्यात एक प्रकारचा माणूस आला की हसणं आपोआप थांबायचं. कुणाचा बाप गेलेला असायचा, मुलगा दूर दुकानी असायचा, आणि मुलगा पोचेपर्यंत माती थांबवायची असायची. अशा वेळी साडू चहा सांगत नसत, शिकवणी देत नसत, जयपूर बघत नसत. खाली मान घालून जे असेल ते तिकीट काढायचे. तो माणूस गेल्यावर मात्र बराच वेळ ते मोबाईल पालथा घालून बसून राहायचे. या तिकिटाला त्यांनी नाव ठेवलं होतं, मयताचं तिकीट. सगळ्यांत महाग तेच. अगदी शेवटी तिकीट काढणारा हौसेनं निघालेला नसतो, तो अडलेला असतो, आणि अडलेला माणूस मागतील तेवढे देतो, हे त्या यंत्राला पक्कं माहीत असतं. एकदा असाच एक जण गेल्यावर ते मला म्हणाले, ‘एवढी वर्सं खिडकीवर बसलो, पावणं. रडत आल्याली माणसं लय बघितली. मयताला निघाल्याला हाय म्हणून यष्टीनं कुणाला ज्यादा भाडं लावलं न्हाई.’

गेल्या पावसाळ्याच्या तोंडाला आक्कांचं पोट दुखायला लागलं. आधी घरगुती काढे झाले, मग विट्यातला डॉक्टर झाला, आणि मग मिरजेचा मोठा दवाखाना. मिरजेला नेलं म्हटल्यावर आमच्याकडं माणसं आवाज खाली घेतात, तसा आम्हीही घेतला. तपासण्यांचं निदान आलं तेव्हा मी आणि माझी बायको तिथंच होतो. पित्ताशयातून यकृतात पसरलेलं होतं आणि कापण्यासारखं काही उरलं नव्हतं. तरुण डॉक्टरांनी ते शांतपणे, न घाबरवता सांगितलं. साडूंनी सगळं ऐकून घेतलं, मान हलवली आणि विचारलं, ‘साधारण कुठला पंधरवडा धरायचा?’

डॉक्टरांनी त्यांच्याकडं असं बघितलं की मला मधे पडावंसं वाटलं. त्यांना तो प्रश्न कोरडा वाटला असणार, कुणालाही वाटला असता. पण मला माहीत होतं की हा माणूस दुसऱ्या कुठल्या भाषेत विचारूच शकत नाही. जन्मभर त्यानं लोकांना एवढंच विचारलं होतं, कुठं जायचंय आणि कुठल्या तारखेला. डॉक्टर म्हणाले, काका, असं सांगता येत नाही. साडू म्हणाले, बरं.

शुभांगीला कळवलं ते अर्धवट. ती रोज फोन करायची आणि रोज एकच विचारायची, आण्णा, मी कधी निघू? दोन लहान मुलं, मोठ्याची शाळा, नवऱ्याचं दुकान, हे सगळं सोडून ती त्याच दिवशी निघायला तयार होती. नवऱ्यानं परस्पर तिकीट काढावं तर सासऱ्यांना, म्हणजे साडूंना, डावलून त्या घरात तसं कुणी कधी केलं नव्हतं. साडू तिला सांगायचे, आत्ता भाव लय चढलेत, जरा थांब. उतरले की लगेच काढतो.

हे खोटं होतं. लग्नसराई संपली होती, शाळा सुरू झाल्या होत्या, पावसापाण्यात कुणी फिरायला निघत नव्हतं आणि विमानं रिकामी चालली होती. मिरजेच्या त्या दवाखान्यात व्हरांड्यातल्या बाकावर मी त्यांच्या शेजारी बसायचो आणि ते काय करतात ते मला दिसायचं. सिलचर ते कोलकाता, कोलकाता ते पुणे. भाव इतके उतरले होते की एरवी त्यांनी निम्म्या तालुक्याला फोन करून जागं केलं असतं. ते तारखेच्या चौकटीपर्यंत जायचे, बोट वर धरायचे आणि मोबाईल बंद करायचे. थोड्या वेळानं पुन्हा तेच. एका दुपारी मी त्यांना सरळ विचारलं की, काढत का नाही. त्यांनी मोबाईल पालथा करून मांडीवर ठेवला. मग म्हणाले, ‘लवकरचं काढलं तर पोरगी येऊन परत जाईल, अन् मागनं काय झालं म्हंजे? उशिराचं काढावं, तर कवाचं काढू? ती चौकट मला तारीख विचारतीया, पावणं. ती तारीख मी टाकायची?’

 थोडं थांबून ते आणखी म्हणाले की, शुभांगी दारात दिसली की तिच्या आईला सगळं कळंल. एवढ्या लांबून पोरगी उगाच येत नाही, हे कळायला तिला डॉक्टर लागत नाही.

असे बरेच दिवस गेले. आक्का वाळत चालल्या. डोळे पिवळे झाले, हातांची काडी झाली, जेवण दोन घोटांवर आलं. पण जीभ शाबूत होती. दवाखान्यातल्या चहाला नावं ठेवायच्या, शेजारच्या खाटेवरच्या बाईला सुनेला धाकात कसं ठेवायचं ते सांगायच्या. त्या दिवशी सकाळी माझी बायको त्यांचे पाय चेपत बसली होती, मी खिडकीशी उभा होतो, आणि साडू नुकतेच खाली जाऊन औषधं घेऊन आले होते. आक्कांनी त्यांना खाटेवर बसायला सांगितलं आणि विचारलं, शुभांगीचं तिकीट काढलं का?

साडू म्हणाले, बघतोय, भाव चढलेत.

आक्का त्यांच्याकडं बघत राहिल्या. मग त्यांच्या चेहऱ्यावर हसू आलं, त्यांच्यात जेवढं उरलं होतं तेवढं. ‘आवं, मला सांगताय व्हय?’ त्या म्हणाल्या. ‘एवढी वर्सं सोप्यात कान देऊन ऐकलंय म्या. आषाढात कुठं चढत्यात भाव?’

 आक्कांनी दम घेतला. एकेक शब्द वेगळा काढून ठेवावा तशा त्या बोलत होत्या. ‘मयताचं तिकीट लय महाग पडतंय, तुमीच म्हंता. मी हाय तवर बोलवा तिला. तोंड बघायला नगं. भेटायला येऊ द्या.’

माझ्या बायकोचे हात थांबले.  साडूंनी खिशातून मोबाईल काढला. एकच काढला. जयपूर नाही, अमृतसर नाही, पायऱ्या नाहीत. समोर जे पहिलं आलं त्यावर बोट ठेवलं. मुलीचं नाव टाकताना त्यांची बोटं इतकी चुकत होती की शेवटी मोबाईल त्यांनी माझ्या हातात दिला. नाव टाकलं, धाकट्या पोराचं नाव टाकलं. खाली परतीची तारीख विचारली होती. मी त्यांच्याकडं बघितलं. त्यांनी मान हलवली आणि मी ती जागा रिकामी सोडली. दुसऱ्या दिवशीचं विमान होतं. आक्का डोळे मिटून पडल्या होत्या. तिकीट आल्याची घंटी मोबाईलमध्ये वाजली तेव्हा डोळे न उघडताच त्यांनी विचारलं, खिडकीची हाय न्हवं जागा? पोराला ढग दिसतील.

पुण्याला तिला आणायला साडू आणि मी गेलो. गाडी मी चालवत होतो. शुभांगी धाकट्याला कडेवर घेऊन बाहेर आली, बापाच्या पाया पडली, आई कशी आहे म्हणून विचारलं. बरी हाय, तुझी वाट बघतीया, एवढंच ते बोलले. सातारा ओलांडून उंब्रजला चहाला थांबलो. पोरगं बाकावर चढून हायवेवरचे ट्रक बघत होतं. चहाचा कप तसाच हातात धरून शुभांगीनं विचारलं, ‘आण्णा, भाव खरंच चढले होते का?’

खोटं बोलायला तेव्हा अवघड नव्हतं. मीही मनातल्या मनात ते सांभाळून घेतील असं धरून चाललो होतो. साडू म्हणाले, ‘न्हाई.’

तिनं कप टेबलावर ठेवला, पोराला उचललं आणि गाडीत जाऊन बसली. साडू तिथंच उभे राहिले. दुकानदारानं पैसे घेतल्यावरसुद्धा उभे राहिले. शेवटी मी त्यांचा दंड धरला तेव्हा गाडीकडं आले आणि पुढच्या सीटवर न बसता मागं, तिच्या शेजारी बसले. इस्लामपूर मागं पडलं तोवर पोरगं आजोबांच्या मांडीवर झोपलं होतं. शुभांगी खिडकीबाहेर बघत होती आणि एक हात तिनं झोपलेल्या पोराच्या अंगावर ठेवला होता. तो हात बापाच्या हाताला लागून होता. तो तिनं काढून घेतला नाही, एवढंच मला आरशात दिसलं.

आक्कांना घरी आणलं. त्यांनीच हट्ट धरला. पुढचे दिवस वाईट होते आणि तरीही त्या घरात त्या दिवसांत पुष्कळ हसणं झालं, हे मी बायकोच्या तोंडून ऐकलं, कारण ती तिथंच राहिली होती. शुभांगी आईचे केस विंचरायची, थोडेच उरले होते, पण रोज वेणी घालायची. नातू खाटेच्या पायथ्याशी बसून आजीला ढगांची हकीकत सांगायचा आणि रोज त्यात भर घालायचा. आक्कांनी लेकीला सुनावलं म्हणे, बापावर रागवायचं असलं तर मी गेल्यावर रागव, आत्ता मला मधे घेऊ नको. मग दुखणं वाढलं, मग भाषा गेली, आणि एका रात्री लेक उशाला आणि बहीण पायथ्याशी असताना त्या गेल्या. साडू तेव्हा गरम पाण्याचं पातेलं घेऊन आत येत होते.

जावई दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत पोचला. पहाटे आसामातून निघालेला माणूस दिवस मावळायच्या आत विट्याच्या ओढ्याकाठी उभा होता. माती आटोपल्यावर ओट्यावर बसलेल्या माणसांतल्या कुणीतरी, वाईट हेतूनं नाही, त्या सोप्याच्या सवयीनं, साडूंना विचारलं की जावयाचं केवढ्याला पडलं. साडूंनी त्या माणसाकडं बघितलं. म्हणाले, ‘विचारलं न्हाई.’ 

तेराव्यानंतर शुभांगी परत गेली. तिचं तिकीट तिनं आण्णांनाच काढायला सांगितलं. कधीचं काढू, असं त्यांनी विचारलं तेव्हा ती म्हणाली, तुम्हाला पाहिजे तेव्हाचं काढा. मला वाटतं त्यांच्यातलं जे काही होतं ते त्या दिवशी मिटलं. उंब्रजच्या त्या चहाचा विषय दोघांनीही पुन्हा काढला नाही.

सोप्यात अजून माणसं येतात. साडू अजून पायऱ्या समजावून सांगतात, पिशव्या अजून काट्याला लटकतात. पण आवाज पूर्वीसारखा चढत नाही. आणि एक फरक पडला आहे. कुणी घरातलं दुखणं सांगितलं, बाप आजारी आहे, आईला बरं नाही, पण जरा भाव उतरले की जातो, असं म्हणालं, की साडू हातातलं सोडतात आणि म्हणतात, आत्ताच जा. शिकवणी नाही, चहा नाही. परवा बंगळूरहून फोन केलेल्या एका पोरानं, अहो पण पुढच्या आठवड्यात निम्म्यानं पडेल, असं म्हटल्यावर त्यांनी उरलेले पैसे मी घालतो म्हणून सांगितलं आणि फोन ठेवून दिला. पोरगं त्याच संध्याकाळी निघालं.

हल्ली रविवारी दुपारी ते आमच्याकडं कराडला फोन करतात. फोन माझ्या मोबाईलवर येतो, पण मी उचलला की एवढंच म्हणतात, तिला द्या, पावणं. मग माझी बायको अर्धा-पाऊण तास व्हरांड्यात फोन कानाला लावून बसते. एवढं काय बोलता, असं मी एकदा तिला विचारलं. ती म्हणाली, दाजी काहीच बोलत नाहीत. फोन लागला की म्हणतात, तू बोल. मग ती सुचेल ते सांगते. भाजीला काय केलं, शेजारणीशी कशावरून वाजलं, मंडईत काय महागलं, पाणी किती वाजता येतं. दोघी बहिणींचा आवाज फोनवर अगदी एकसारखा येतो. लग्नानंतर कितीतरी वर्षं मीसुद्धा फसायचो. बोलता बोलता पलीकडची शांतता फार वाढली की तिला वाटतं लाईन गेली, आणि ती विचारते, ‘दाजी, हायसा न्हवं?’

‘हाय,’ ते म्हणतात. ‘बोल तू.’